विषय बदलू नका, झाड निवडा

आधी ताईंचा प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. शिरपूर तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत त्या पीएच.डी. करत आहेत. नोंदवलेला विषय आहे ‘सातपुडा पायथ्याच्या वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीवांचा परिस्थितिकीय अभ्यास’. आतापर्यंत झाडाझुडपांची एक यादी, पक्ष्यांची एक यादी आणि मातीतून वेगळे केलेले चाळीसेक आयसोलेट (एकेक वेगळा काढून वाढवलेले जिवाणू) जमले आहेत. सल्लागार समितीत एका सदस्यांनी विचारलं, “यात नवीन काय?” त्यावर काही बोलता आलं नाही. कॉलेजात दोन सूक्ष्मदर्शक, ऑटोक्लेव्ह आणि इनक्युबेटर आहे, डीएनएच्या कामाची सोय नाही. विषय बदलून घ्यावा का, असं त्या विचारतात.

ताई, विषय बदलायच्या भानगडीत पडू नका. शीर्षक मोठं असलं तर बिघडत नाही, त्याच्या आत उद्दिष्टं मात्र लहान हवीत. बहुतेक विद्यापीठांत शीर्षकाला धक्का न लावता उद्दिष्टं आटोपशीर करता येतात. तुमच्याकडचा नियम काय आहे ते पीएच.डी. विभागात विचारून घ्या.

समितीच्या प्रश्नाचा अर्थही नीट लक्षात घ्या. नवी जात सापडली का, असं ते विचारत नव्हते. तुमच्या कामाचं उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं का, हे त्यांना हवं होतं. यादीला ‘नाही’ म्हणता येत नाही. धुळे-नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांच्या वनस्पतींच्या नोंदी यापूर्वी छापून झालेल्या आहेत. त्यात आणखी चार नावांची भर पडली तर चांगलंच, पण तेवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. तुमच्याकडे माल भरपूर आहे, तुलना नाही. झाडं एका ठिकाणची, पक्षी दुसऱ्या रस्त्यावरचे, माती तिसऱ्या शेतातली. तिन्ही गोष्टी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत.

पुढचं सगळं माझ्या सवयीच्या चौकटीतून आलेलं आहे. मी मुळात वनस्पतीवाला माणूस. पक्षी कामापुरते ओळखतो, मायकोरायझावर, म्हणजे झाडांच्या मुळांत राहून त्यांना जमिनीतलं स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणाऱ्या बुरशीवर, बरंच काम केलंय, पण जिवाणूंच्या रेणवीय (डीएनएवरून होणाऱ्या) ओळखीत मला मुरलेला समजू नका. शिवाय तुमच्या मार्गदर्शकांचा कल, गाडी-पेट्रोलची सोय, घरची जबाबदारी आणि तासिका यांवर यातलं किती जमेल ते ठरणार. माझा सल्ला जसाच्या तसा उचलू नका, त्यामागचा विचार घ्या.

एकच झाड घ्या

वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव या तिघांना एकत्र बांधायचं तर गाठ एका जागी मारावी लागते. मी तुमच्या जागी असतो तर पळस घेतला असता. एक तर तो तुमच्याकडे कुठेही आहे. तापीकाठच्या सपाटीवर बांधाबांधाने एकेकटा उभा आहे आणि उत्तरेला बोराडी, पळासनेरच्या बाजूला चढायला लागलं की रानात घोळक्याने आहे. एकच जात, दोन वेगळी आयुष्यं, तीही एका तालुक्यात.

दुसरं असं की पळसाचे दोन व्यवहार चालतात. वर फांद्यांवर पक्षी आणि कीटकांशी, खाली मुळांत मायकोरायझा बुरशीशी. मग प्रश्न असा मांडता येतो: शेतीच्या शेजाराने पळसाचे हे दोन्ही व्यवहार बिघडतात का? बांधावरच्या आणि रानातल्या पळसांत शेंगा धरण्याचं प्रमाण आणि मुळांतली बुरशी यांत फरक आहे का? उत्तर ‘नाही, काही फरक नाही’ असं येऊ शकतं, आणि ते आलं तरी छापण्याजोगं आहे. तुमच्या शीर्षकातले तिन्ही शब्द यात बसतात, एकही आयसोलेट ओढूनताणून घुसवावा लागत नाही.

अंजन, मोह किंवा सालईवर काम करायची इच्छा असेल तर तेही चालेल. पण अंजनाला भरघोस बी दरवर्षी येत नाही, मधली वर्षं कोरडी जातात. तीन वर्षांत प्रबंध उरकायचा तर ते झाड जोखमीचं. मोहाची फुलं लोक पहाटेच गोळा करतात आणि ते त्यांच्या पोटापाण्याचं काम आहे, आपण मोजणीसाठी त्यात आडवं जाऊ नये. पळस त्या मानाने कमी वादाचा.

वरचा व्यवहार: फुलं, पाखरं, शेंगा

साधारण फेब्रुवारी-मार्चात पळस पानं गाळून फुलतो. काळपट मखमली कळ्यांचे घोस, त्यातून नारिंगी पाकळ्या, आणि मधली वाकडी चोच (चोचीसारखी पाकळी) फुटली की आत परागकोश व कुक्षी, म्हणजे पराग जिथे टेकतात ते टोक. झाडाखाली अर्धा तास बसलात की साळुंकी, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, सातभाई, पोपट, खारी आणि मधमाश्या असा सगळा बाजार दिसेल. इथे बहुतेक विद्यार्थी घसरतात. ‘भेट देणारे पक्षी’ अशी यादी करतात आणि त्यांनाच परागवाहक म्हणून मोकळे होतात. भेट देणं वेगळं आणि पराग पोचवणं वेगळं. पोपट फूल कुरतडून टाकतो. पळसावर दिल्लीच्या संशोधकांनी २००३ साली छापलेल्या कामात खरे उपयोगी परागवाहक जांभळा सूर्यपक्षी आणि तीन पट्ट्यांची खार एवढेच निघाले. बाकीची बरीच मंडळी खाऊन-पिऊन जाणारी. तुमच्या भागात तसंच असेल असं गृहीत धरू नका, तपासा.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एकाच झाडावर चार प्रकारचे घोस निवडा. पहिले उघडे ठेवा. दुसऱ्यांवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी, आत कोणीच जाणार नाही. तिसऱ्यांवर पक्ष्यांपासून पीक वाचवायला वापरतात तशी मोठ्या भोकांची जाळी, मधमाशी जाईल पण पाखरू जाणार नाही. ही जाळी फुलांना चिकटू देऊ नका. सूर्यपक्ष्याची चोच लांब आणि बारीक असते, बाहेर बसून तो आरामात आत चोच घालतो आणि तुमचा प्रयोग वाया जातो. बांबूच्या कामट्यांची कडी करून जाळी फुलांपासून वीतभर दूर धरा.

चौथ्या घोसांना हाताने पराग द्या. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या चौथ्या गटात आहे. शंभरेक मीटर दूरच्या दुसऱ्या पळसाची ताजी फुलं सकाळी आणायची, चोच बोटाने हलकेच दाबली की कुक्षी बाहेर येते, तिच्यावर पराग टेकवायचे. फुलातले स्वतःचे पराग काढायची गरज नाही, कारण आपल्याला फक्त एवढंच बघायचंय की जास्तीचे पराग मिळाल्यावर शेंगा वाढतात का. आता विचार करा. बांधावरच्या झाडाच्या उघड्या घोसाला शेंगा कमी लागल्या आणि हाताने पराग दिलेल्याला जास्त, तर तिथे पराग पोचवणाऱ्याची वानवा आहे. दोन्हींना सारख्याच कमी लागल्या तर दोष पाखरांचा नाही, झाडाच्या तब्येतीचा, पाण्याचा किंवा जमिनीचा आहे. नुसतं ‘बांधावर शेंगा कमी’ असं मोजून हा भेद कधीच कळणार नाही.

मोजणीचं गणित आधीच करून ठेवा. पळसाला फुलं उदंड आणि शेंगा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. समजा शंभर फुलांमागे पाच शेंगा धरल्या, तर वीस फुलं खुणावून तुम्हाला मिळणार एक शेंग. एका शेंगेवर कसली टक्केवारी काढणार? प्रत्येक झाडावर प्रत्येक गटात निदान दोन-तीनशे फुलं हवीत. हाताने पराग द्यायच्या गटात एवढी जमणार नाहीत. तिथे झाडामागे पन्नास-साठ फुलं नीट करा आणि झाडांची संख्या वाढवा.

खुणेसाठी जळगावच्या सराफ बाजारात दागिन्यांना लावतात तशा दोरीच्या बारीक चिठ्ठ्या मिळतात, त्या उत्तम. त्यावर शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई पहिल्याच अवकाळीत धुऊन निघते. अवकाळीची तयारी ठेवाच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट खान्देशातला शेतकरी विसरलेला नाही, तसा तडाखा ऐन फुलोऱ्यात बसला तर त्या हंगामाचा सगळा भाग जातो. म्हणून पहिल्याच वर्षी हे काम सुरू करा, म्हणजे दुसरा हंगाम हाताशी राहील.

दुसरी अडचण होळीची. पायथ्याच्या गावांत होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात. त्या आठवड्यात मदतनीस मिळणार नाही, आणि मिळावा अशी अपेक्षाही करू नये. त्याच दिवसांत रंगासाठी पळसाची फुलं ओरबाडली जातात, त्यात तुमच्या चिठ्ठ्याही जातात. झाडं निवडतानाच गावातल्या पोरांना आणि झाडाच्या मालकाला भेटा, काय चाललंय ते सांगा. एखादे बाबा बांधावर उभे राहून विचारतील, “फुलं मोजीसन काय भेटस?” तर हसण्यावारी नेऊ नका. त्यांना समजेल असं उत्तर तुम्हाला देता आलं की समितीलाही देता येईल.

खालचा व्यवहार: मुळं

डीएनएची सोय नाही म्हणून सूक्ष्मजीवांचा भाग अडत नाही. मुळांतली आर्बस्क्युलर मायकोरायझा बघायला सूक्ष्मदर्शक, पाणीतापक आणि थोडी रसायनं पुरतात. पद्धत १९७० पासून जगभर चालते: बारीक मुळं धुऊन दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवायची, आम्लात बुडवायची, मग ट्रायपॅन ब्लूने रंगवायची. पळसाची मुळं काळपट आणि चिवट, त्यामुळे पिकांच्या मुळांसाठी लिहिलेली वेळ इथे पुरत नाही. अल्कलीत जास्त वेळ ठेवावं लागतं, मध्ये एकदा द्रावण बदलावं लागतं आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडने थोडं उजळवावं लागतं. मुळाचा तुकडा दोन काचांमध्ये दाबल्यावर कापसाच्या धाग्यासारखा पसरायला हवा. तडकला तर अजून कच्चा आहे.

ट्रायपॅन ब्लू आरोग्याला घातक मानतात. हातमोजे घाला आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. १९९८ पासून एक साधा पर्याय आहे, व्हिनेगरमध्ये पाच टक्के फाउंटन पेनची शाई. सगळ्या शाया सारख्या लागत नाहीत. दुकानात मिळतील त्या दोन-तीन आणून आधी मक्याच्या मुळांवर करून बघा, कारण मक्यात बुरशी हमखास सापडते.

खरी मेख मुळं गोळा करण्यात आहे. झाडाखाली खुरपं मारलं आणि येईल ते मूळ पिशवीत टाकलं, तर निम्मी मुळं गवताची निघतात. बुंध्यापासून एक मूळ धरायचं आणि माती उकरत त्याच्या बारीक फाट्यांपर्यंत जायचं. वेळ लागतो, काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, म्हणून हे काम पावसाळा ओसरता ओसरता करा. त्या वेळी बारीक मुळं जिवंत असतात आणि हातही सोलवटत नाहीत.

मग रंगवलेल्या मुळांचे तुकडे चौकटीच्या जाळीवर पसरून किती छेदांत बुरशी दिसते ते मोजायचं. मला इथे काय अपेक्षित आहे तेही सांगतो. जमिनीत उपलब्ध स्फुरद भरपूर असला की झाडाला बुरशीची गरज कमी भासते आणि मुळांतलं तिचं प्रमाण साधारणपणे घटतं. केळी, पपई किंवा बागायती कपाशीला खतं सढळ हाताने पडतात. त्या बांधावरच्या पळसाच्या मुळांत बुरशी रानापेक्षा कमी दिसावी असं मला वाटतं. चुकीचं ठरलं तर अधिक मजा. पण हे ‘वाटतं’ तुम्ही मोजणीच्या आधी वहीत तारखेसह लिहून ठेवा. निकाल बघून नंतर अपेक्षा लिहिण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

चाळीस आयसोलेटचं काय करायचं?

हे जरा कडू लागेल. तुम्ही लिहिलंय की त्यातल्या अकरांना पिकोव्हस्कायाच्या माध्यमावर (फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू ओळखायच्या प्लेटवर) छान पारदर्शक कडं आलं, म्हणून जैविक खत म्हणून पुढे न्यायचा विचार आहे. ते कडं येतं कसं ते बघा. माध्यमात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं आणि भरपूर ग्लुकोज. जिवाणू ग्लुकोजवर ताव मारून सेंद्रिय आम्लं सोडतो, भोवतालचा सामू (पीएच) घसरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि फॉस्फेट विरघळतं. आता आपली काळी जमीन आठवा. सामू आठच्या आसपास, त्यात मोकळी चुनखडी, आणि ग्लुकोजची मेजवानी तर नाहीच. जिवाणूने सोडलेलं चिमूटभर आम्ल चुनखडी तिथल्या तिथे मारून टाकते. म्हणूनच प्लेटवर चमकणारे कितीतरी जिवाणू खान्देशच्या शेतात काही करून दाखवत नाहीत.

सोपी कसोटी आहे. त्याच माध्यमात ट्रिस बफर घालून सामू आठला धरून ठेवा आणि अकराही पुन्हा लावा. बहुतेकांचं कडं नाहीसं होईल. एखादं-दुसरं टिकलं तर त्याच्यावर जीव लावा: बांधावरची माती निर्जंतुक न करता कुंड्यांत भरा, ज्वारी लावा, एका गटाला जिवाणू, एका गटाला मारलेला जिवाणू, एका गटाला सुपर फॉस्फेट, एकाला काहीच नाही. मारलेल्या जिवाणूचा गट विसरू नका. नाहीतर फरक जिवाणूमुळे पडला की त्याच्याबरोबर गेलेल्या खाद्यामुळे, हे सांगता येणार नाही.

एकही टिकलं नाही, तर चाळीसच्या चाळीस आयसोलेट प्रबंधात एका परिच्छेदात आटपा. मातीतले बहुसंख्य सूक्ष्मजीव आपल्या अगारवर (प्लेटमधल्या जेलीवर) वाढतच नाहीत, त्यामुळे प्लेटवर आलेल्यांची गणना म्हणजे त्या मातीची शिरगणती नव्हे. डीएनए बाहेर पाठवून करून घेता येतो, पैसे दिले की महिन्या-दोन महिन्यांत फाइल येते. पण तीन पिशव्या माती पाठवून हजारो नावं आणणं म्हणजे पुन्हा यादीच झाली, फक्त महागडी.

किती झाडं, कुठली झाडं?

विद्यापीठातल्या तोंडी परीक्षांत सर्वांत जास्त दमछाक इथे होते. समजा तुम्ही बांधावरचा एक पळस आणि रानातला एक पळस घेतला आणि प्रत्येकावर पाचशे फुलं मोजली. हजार आकडे झाले, पण तुलना एक विरुद्ध एकच राहिली. त्या पाचशे फुलांचं मूळ एक, पाणी एक, आनुवंशिकता एक. एका झाडाची फुलं स्वतंत्र नमुने धरणं ही चूक इतकी सर्रास होते की परिस्थितिकीतज्ज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ साली तिला खोटी पुनरावृत्ती म्हणून नाव दिलं आणि तेव्हापासून परीक्षक ती शोधतच असतात.

तसंच एकाच गावच्या बांधावरची दहा झाडं आणि एकाच टेकडीवरची दहा झाडं घेतली तर फरक शेतीचा की त्या टेकडीचा, हे कळत नाही. म्हणून जोड्या करा. पायथ्यालगतची सहा-सात गावं निवडा. प्रत्येक गावात बांधावरचे चार-पाच पळस आणि त्याच गावाजवळच्या रानातले चार-पाच. पाऊस, उंची, खडक गावागावांत वेगळा असला तरी जोडीच्या आत जवळपास सारखा राहतो. विश्लेषण ‘आर’ या संगणक प्रणालीत फुकटात होतं: शेंग धरली की नाही असा दोन पर्यायांचा निकाल, झाड आणि गाव यादृच्छिक घटक म्हणून. हे येत नसेल तर एक्सेलच्या टी-टेस्टवर घाई करू नका, संख्याशास्त्र विभागातल्या कोणाला तरी आत्ताच गाठा. आकडे गोळा झाल्यावर गेलात तर ते फक्त शवविच्छेदन करू शकतील.

बांध म्हणजे सगळीकडे सारखा बांध नव्हे, हेही टिपा. हरभऱ्याच्या कडेचा पळस आणि फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेल्या) कपाशीच्या कडेचा पळस यांत जमीन-अस्मानाचा फरक. फरदडीला फेब्रुवारीपर्यंत पाणी आणि फवारणी चालू असते, म्हणजे ऐन फुलोऱ्यात. ठिबकची नळी बुंध्यापासून किती अंतरावर आहे, गेल्या महिनाभरात काय फवारलं, पाला-सरपणासाठी फांद्या छाटल्या का, हे प्रत्येक झाडामागे लिहा. या नोंदींवाचून ‘शेती’ हा शब्द पोकळ राहील.

चिठ्ठी

नमुन्यावरच्या चिठ्ठीची गोष्ट छोटी वाटेल, पण खान्देशात काम करणाऱ्याने ती विसरूच नये. आपल्या सातपुड्यातल्या रानपिंगळ्याचं, म्हणजे एका छोट्या घुबडाचं, वर्णन पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ साली केलं. त्याची शेवटची खरी नोंद १८८४ ची. पण संग्रहालयात एक नमुना होता, त्यावर गुजरातमधलं मांडवी आणि १९१४ साल लिहिलेलं, नोंदवणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्ट्झहॅगन. पुढे तपासात निघालं की तो नमुना खान्देशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने एकोणिसाव्या शतकात जमवलेल्यांपैकी चोरलेला होता, चिठ्ठी बदलून वापरलेला. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. शंभरपेक्षा जास्त वर्षं पक्षी जागेवरच होता, माणसं मात्र एका खोट्या कागदाला धरून बसली होती.

तुम्ही काही चोरी करणार नाही. पण ‘शिरपूर परिसर, मार्च’ एवढीच चिठ्ठी लावलेला नमुना फारसा उपयोगाचा नाही. गाव, शिवार, जीपीएस, तारीख, झाडाचा क्रमांक, गोळा करणाऱ्याचं नाव, सगळं त्याच दिवशी, तिथेच. पळसासोबत उगवणाऱ्या झाडांचे दाबून वाळवलेले नमुने पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात दाखवून नावं पक्की करा. नावं बदलत असतात, आपली बाभूळ आता अकेशिया न राहता व्हॅचेलिया झाली आहे. नमुना असला की नाव कधीही दुरुस्त करता येतं.

परवानग्या

हे मालकीवर अवलंबून आहे. शेतकऱ्याच्या बांधावर त्याची तोंडी संमती बहुधा पुरते, तरी नाव-तारखेनिशी लिहून ठेवा. वनजमिनीवर उपवनसंरक्षकांचं पत्र लागतं. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेला विचारायचं, आणि त्यांनी विचारलं तर निष्कर्ष त्यांच्या भाषेत सांगायलाही जायचं. अनेर धरण अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे, पण त्याच्या हद्दीत काम करायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि फायली फिरायला वेळ लागतो. या प्रश्नासाठी अभयारण्याची गरज नाही. बाहेरचं रान घ्या.

शोधनिबंधाची घाई करू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे अशी सक्ती उरलेली नाही. तुमचं विद्यापीठ किंवा मार्गदर्शक तरीही आग्रह धरू शकतात, ते विचारून घ्या. पण पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकात पहिल्या हंगामाचे अर्धवट आकडे देऊ नका. ते आकडे नंतर तुमच्याच गळ्यात पडतात.

आता लगेच काय?

पावसाळा संपत आलाय, म्हणजे मुळांचं काम आधी येतं. येत्या पंधरवड्यात गावं फिरून झाडं नक्की करा, प्रत्येकाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजा, खोडाला खिळा न ठोकता दोरीने क्रमांक बांधा. दिवाळीपर्यंत मुळं आणि माती आणून ठेवा. माती वाळवून ठेवता येते, मुळं मात्र धुऊन पन्नास टक्के अल्कोहोलमध्ये. डिसेंबरपर्यंत रंगवणं आणि मोजणं. जानेवारीत जाळ्या-पिशव्या शिवून तयार, कारण कळ्या दिसल्यावर शिवायला वेळ मिळत नाही. मे-जूनमध्ये शेंगा गळायच्या आत उतरवा, मलमलीने तोंड बांधलेल्या बरण्यांत ठेवा आणि कितींतून भुंगे निघतात ते बघा. शेंग धरली आणि बी पोखरलं गेलं, तर हिशेबात ती शेंग वेगळी लागते.

मार्गदर्शकांकडे जाताना एकाच पानावर प्रश्न, जोड्यांचा कच्चा नकाशा आणि अपेक्षित निकाल लिहून न्या. आयसोलेटचं काम सोडून देतोय असं म्हणू नका, बफरची कसोटी लावून पुढचं ठरवू असं म्हणा. त्यात त्यांचा मानही राहतो आणि ते खरंही आहे. आणि प्राचार्यांना आत्ताच भेटून फेब्रुवारी-मार्चातल्या सकाळच्या तासिका दुपारी लावून घ्या. बारावीच्या परीक्षेचं पर्यवेक्षण नेमकं त्याच दिवसांत गळ्यात पडतं, आणि हाताने पराग द्यायचं काम सकाळचंच असतं.